मासिकाचं नाव काय ठेवायचं?

बदलापूरला कुळगावात माझ्या एका मित्राच्या घरी गेले वर्षभर दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमतो. चहा होतो, पोहे होतात आणि मग वाद होतो. वादाचा विषय एकच. आम्हाला ऐतिहासिक कथांना वाहिलेलं एक मासिक काढायचं आहे आणि त्याचं नाव काही केल्या ठरत नाही.

चौघं कोण, ते सांगतो. मी अंबरनाथच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो. ज्याच्या घरी जमतो तो मित्र रेल्वेच्या हिशेब खात्यात होता आणि जुनी मासिकं जमवणं हा त्याचा रोग आहे, असं त्याची बायको म्हणते. तिसऱ्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतात. वयानं आमच्या मुलीएवढ्या, पण कागदाच्या बाबतीत आमच्या आजी. चौथे उल्हासनगरचे. चार नंबर कॅम्पात त्यांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांची कॅलेंडरं छापण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचे वडील सक्करहून आले, ते स्वतः कॅम्पातच जन्मले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो.

पैशांचं थोडंफार जमलं. कागद, आकार, पानं ठरली. दादांनी छपाई मजुरीच्या भावात करून द्यायचं कबूल केलं. तीन गोष्टी तर लिहूनही आल्या. अडलं ते नावापाशी. लोक म्हणतात, नावात काय आहे? मीही तसंच म्हणत असे. वर्षभरानंतर आता म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच आज सांगायचं आहे.

आम्ही राहतो ती तीन गावं रेल्वेच्या एकाच फाट्यावर, एकामागून एक लागतात. तिघांना नावं मात्र तीन तऱ्हांनी मिळाली. उल्हासनगरचं नाव एका दिवशी, एका समारंभात ठेवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा दिली. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर म्हणू लागले. सगळं गमावून आलेल्या माणसांच्या वस्तीला आनंदाचं नाव! दादा म्हणतात, "नाव आधी मिळालं. उल्हास मागाहून आला आणि तो आम्हीच कमावला." रिक्षावाला मात्र अजूनही 'तीन नंबर', 'पाच नंबर' असंच विचारतो.

अंबरनाथचं नाव देवावरून. वालधुनीच्या काठचं ते शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असं वर्ष आहे आणि माम्वाणि राजाचं नाव आहे. एवढा दगडात कोरलेला दाखला समोर असूनही महाशिवरात्रीच्या जत्रेत कुणालाही विचारा, तो सांगेल की, हे मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं.

बदलापूरचं नाव गोष्टीवरून. इथे घोडे बदलत असत, म्हणून बदलापूर, असं लहानपणापासून ऐकत आलो. कुणी ते घोडे महाराजांच्या स्वारांचे म्हणतं, कुणी व्यापाऱ्यांचे. शिलालेख नाही, कागद नाही, पण गोष्ट पक्की.

म्हणजे एक नाव तारखेचं, एक दगडाचं आणि एक गोष्टीचं. ऐतिहासिक कथेचं मासिक काढणाऱ्यांना याहून चांगला धडा कुठे मिळणार? पण आम्हाला तो लवकर उमगला नाही. आम्ही पूर्वसुरींकडे वळलो. मराठीत ऐतिहासिक कादंबरी ज्या मासिकांतून, साप्ताहिकांतून वाढली, त्यांची नावं काय होती आणि ती तशी का होती, हे बघायचं ठरवलं. मित्राच्या घरचा साठा होताच. शिवाय बदलापूरला श्याम जोशी यांनी उभारलेल्या 'ग्रंथसखा' वाचनालयामुळे जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं पाहायला मुंबई-पुण्याला धावायची गरज आमच्या गावाला उरली नाही, ही मोठी सोय.

सुरुवात १८६७ पासून करावी लागते. त्या वर्षी जुलैत मुंबईत 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक निघालं. त्याचे पहिले संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर, बेळगावजवळच्या जांबोटीचे. मासिकाच्या नावातच सगळं आलं. नाना प्रकारच्या ज्ञानाचा विस्तार करायचा. व्याकरण, शास्त्र, ग्रंथपरीक्षणं असा तो गंभीर मामला. आणि त्याच मासिकातून गुंजीकरांनी 'मोचनगड' ही कादंबरी क्रमशः छापली. १८७१ मध्ये ती पुस्तकरूपानं आली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो.

तोवर मराठी कादंबरी बहुतेक अद्भुताच्या राज्यात रमलेली होती. राजपुत्र, अप्सरा, जादूचे महाल. गुंजीकरांनी तिला शिवकाळात आणलं, सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर चढवलं. पण किल्ला कोणता? मोचनगड. नकाशावर शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण तो लेखकानं रचलेला आहे. मोचन म्हणजे सुटका. काळ खरा, माणसांची रीत खरी, किल्ला मात्र मनातला. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी आपलं कल्पितपण नावातच मिरवत आली. आमच्या बाईंना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, "सर, बघा, पहिल्याच माणसानं किती सांभाळून पाऊल टाकलंय!"

दुसरा टप्पा १८७८ चा. त्या वर्षी पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' नावाचं मासिक सुरू झालं. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ही त्यामागची मंडळी. जुनी काव्यं आणि जुने ऐतिहासिक कागद, बखरी छापून वाचवायच्या, हा उद्देश. सुमारे दहा वर्षं त्यांनी ते काम केलं. सभासदाची बखर लोकांच्या हाती पोचली ती सान्यांमुळे. मित्रानं हे नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा दादांनी विचारलं, "काव्य आणि इतिहास एका नावात? मग आपल्यालाही चालेल की!" त्यावर बाई म्हणाल्या, "दादा, नावात एकत्र आहेत, आत मात्र वेगळे छापलेत. काव्य काव्याच्या जागी आणि बखर बखरीच्या जागी." नावाचा समास सोपा असतो. आतली मांडणी सांभाळणं अवघड.

तिसरा टप्पा आला आणि आमची बैठक तिथे दोन महिने रेंगाळली. १८९० साली पुण्यात हरि नारायण आपट्यांनी एक साप्ताहिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'करमणूक'.

हे नाव त्या काळात कसं वाटलं असेल, याचा विचार करा. पुण्यात १८८१ पासून 'केसरी' गर्जत होता. १८८८ पासून आगरकरांचा 'सुधारक' समाजाला हलवत होता. एक सिंह आणि एक सुधारणेचा पुरस्कर्ता. त्यांच्या शेजारी सव्वीस वर्षांचा एक तरुण येतो आणि म्हणतो, माझ्याकडे करमणूक आहे. किती साधं नाव! ज्ञानाचा विस्तार नाही, निबंधांची माला नाही. संध्याकाळी दिवा लावून घरातल्या माणसांनी एकत्र वाचावं, एवढीच जणू मागणी.

आणि आत काय होतं? 'पण लक्षात कोण घेतो' सारखी कादंबरी. एका विधवेच्या आयुष्याची ती कहाणी हप्त्याहप्त्यानं वाचताना घरोघरी काय झालं असेल! त्याच 'करमणुकी'त ऐतिहासिक कादंबऱ्याही येत होत्या. सुरुवातीच्या काळातच 'म्हैसूरचा वाघ' आली, ती मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरच्या इंग्रजी कादंबरीच्या आधारानं. मग १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' आली, स्वराज्याच्या पहाटेची. पुढे 'केवळ स्वराज्यासाठी', 'रूपनगरची राजकन्या', 'चंद्रगुप्त', 'गड आला पण सिंह गेला', अशी रांग लागली. 'सूर्यग्रहण' आणि 'कालकूट' पुऱ्याच झाल्या नाहीत. शेवटी विजयनगरच्या नाशावरची 'वज्राघात'. साप्ताहिक सांभाळायचं, आनंदाश्रम संस्थेचं काम बघायचं, नगरपालिकेत लक्ष घालायचं आणि आठवड्याचा हप्ता लिहून द्यायचा. पाव शतकाहून अधिक काळ हे चाललं. दादा छापखान्यातले, त्यांना कादंबरीपेक्षा याचंच अप्रूप. "दर आठवड्याला वेळेवर मजकूर देणारा लेखक? मी तर अजून एकही पाहिला नाही," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

'उषःकाल' बद्दल एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तीत बाप आदिलशाहीशी इमान राखणारा आणि मुलगा शिवाजीमहाराजांकडे ओढला जाणारा. १८९५ सालच्या पुण्यात सरकारी नोकरीतले बाप आणि स्वराज्याची स्वप्नं पाहणारी मुलं घरोघरी होती. वाचक सतराव्या शतकाचं वाचत होता, पण ऐकू येत होतं ते आपल्याच माजघरातलं भांडण. ऐतिहासिक कथेची ताकद ती हीच. आणि दुसरं असं की, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला १८९८ साली. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं १९१० साली. म्हणजे 'उषःकाल' आधी आणि अस्सल कागदांचे ढीग मागाहून. मराठी वाचकाच्या मनात शिवकाळाचं चित्र आधी कादंबरीकारानं रंगवलं आणि संशोधक नंतर आला. त्यात आपट्यांचा दोष नाही. पण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बीज तिथे आहे.

परदेशातही नावाचा हा पेच मोठमोठ्यांना पडला आहे. चार्ल्स डिकन्सनं १८५९ मध्ये नवं साप्ताहिक काढलं, तेव्हा त्याला 'हाउसहोल्ड हार्मनी' असं नाव द्यायचं होतं. म्हणजे घरातला सलोखा. त्याच्या फोर्स्टर नावाच्या मित्रानं त्याला भीत भीत आठवण करून दिली की, बाबा रे, तू नुकताच बायकोपासून वेगळा झाला आहेस, लोक हसतील. मग ते नाव गेलं आणि 'ऑल द इयर राउंड', म्हणजे 'वर्षभर', असं बिनधोक नाव आलं. आणि त्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकापासून जी कादंबरी सुरू झाली, ती फ्रेंच राज्यक्रांतीवरची 'अ टेल ऑफ टू सिटीज'. ऐतिहासिक कादंबरीच्या जोरावर नवं साप्ताहिक उभं राहिल्याचं हे उदाहरण. बंगालीत बंकिमचंद्रांनी १८७२ साली 'बंगदर्शन' काढलं. तमिळमध्ये कल्की कृष्णमूर्तींनी १९४१ साली आपल्या टोपणनावाचंच साप्ताहिक काढलं आणि १९५० पासून त्यात 'पोन्नियिन सेल्वन' ही चोळांची कादंबरी वर्षानुवर्षं चालवली. आपल्याकडे १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मासिकाला 'मनोरंजन' नाव दिलं. नीट पाहिलंत तर कथा देणाऱ्या या नावांपैकी एकातही 'इतिहास' हा शब्द नाही. ज्यांच्या नावात तो होता, ते 'काव्येतिहाससंग्रह' किंवा पारसनिसांचा १९०८ चा 'इतिहाससंग्रह', ते कागद छापत होते.

आमच्या यादीत मात्र पहिल्या दिवसापासून 'इतिहास' होता. इतिहासरंग, इतिहासकथा, इतिहासगंध. माझा आग्रह मोठा. मराठी वाचक इतिहासाच्या नावानं पुस्तक उचलतो, हे मी शाळेच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं पाहिलं होतं. बाईंचा सक्त विरोध. त्यांनी उदाहरण दिलं ते सिंहगडाचं.

४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला आणि ते तिथे पडले. तेव्हापासून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, असं आपण सगळेच सांगतो. पण शिवाजीमहाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात सिंहगड हेच नाव आलेलं आहे, तानाजींच्या मृत्यूच्या सात वर्षं आधी. सभासदानं सतराव्या शतकाच्या अखेरीस बखर लिहिली. तिच्यात तानाजींची वार्ता ऐकून महाराज जे बोलतात, त्यात सिंह नाही. एक गड मिळवला पण दुसरा गड गमावला, अशा अर्थाचं ते बोलणं आहे, म्हणजे तानाजी हाच एक गड. आज आपल्या कानात घुमतं ते वाक्य हरिभाऊंच्या कादंबरीच्या नावानं घरोघरी पोचलं. "तानाजींचा पराक्रम यानं तसूभर कमी होत नाही," बाई म्हणाल्या. "पण गोष्ट एवढी गोड झाली की, पत्राकडे कुणी बघेना."

मग विषय आमच्या कल्याणचा निघाला. सुभेदाराच्या सुनेची गोष्ट कुणाला माहीत नाही? समकालीन कागदांत तिला आधार सापडत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. यावर माझा मित्र जरा रागावलाच. "म्हणजे महाराजांचं स्त्रियांशी वागणं खोटं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, ते खरं आहे आणि त्याची साक्ष खाफीखानानं दिली आहे. तो मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. महाराजांविषयी कडवट लिहितो, पण त्यांच्या राज्यात स्त्रियांची विटंबना होऊ देत नसत, हे कबूल करतो. शत्रूच्या लेखणीतून आलेली एवढी साक्ष हातात असताना आपल्याला गोष्टीचा टेकू कशाला?"

मित्र गप्प झाला. मीही गप्प झालो, पण वेगळ्या कारणानं. मला माझीच एक गोष्ट आठवली होती. ती मी तोवर कुणाला सांगितली नव्हती. त्या रविवारी सांगितली आणि आज तुम्हालाही सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी अंबरनाथच्या मंदिरावर कथा लिहिली. शिलालेखात राजाचं नाव आहे, वर्ष आहे. पण ती अप्सरांची रांग, ते हत्ती, ती नक्षी ज्या हातांनी कोरली त्यांची नावं मला कुठे मिळाली नाहीत. कथेला तर माणूस हवा. मी एक शिल्पकार रचला. त्याला नाव दिलं, एक आंधळी आई दिली, मंदिर पुरं होण्याआधी त्याचा मृत्यू घडवला. कथा बरी झाली होती. दोघाचौघांनी पत्रं पाठवली. मी विसरून गेलो.

काही वर्षांनी जत्रेच्या वेळी निघालेली एक स्मरणिका हातात आली. तीत 'मंदिराचा इतिहास' असा लेख होता आणि त्यात माझा शिल्पकार होता! नावासकट, आंधळ्या आईसकट. माझ्या कथेचा उल्लेख कुठेच नव्हता. मला काय वाटलं असेल? खरं सांगतो, आधी गुदगुल्या झाल्या. आपण निर्माण केलेला माणूस गावानं खरा मानला, याहून लेखकाला काय हवं? मी कुणालाही काही बोललो नाही.

त्यानंतर एका वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होतो. आठवीतली एक मुलगी उठली. विषय होता 'माझं गाव'. तिनं त्या शिल्पकाराची हकिगत इतक्या जीव ओतून सांगितली की, समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तिचे वडील पाथरवट होते, हे मला मागाहून कळलं. शेवटी ती म्हणाली की, राजाचं नाव दगडावर आहे आणि आमच्या माणसाचं नाव आमच्या तोंडात आहे. मी तिला पहिला क्रमांक दिला. काहीही न बोलता बक्षीस दिलं आणि घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही.

चार दिवसांनी तिच्या शाळेत गेलो. तिला आणि तिच्या बाईंना बसवून सांगितलं की, तो माणूस मी रचला आहे. मुलगी रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग सर, खऱ्याचं नाव काय होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक खोटं नाव दिलं नसतं, तर ती जागा रिकामी राहिली असती आणि रिकामी जागा पाहून तिच्यासारख्या एखादीनं हा प्रश्न कधीच विचारला असता. कदाचित त्याचा शोध घेतला असता. मी ती जागा भरून टाकली होती. मी रचलेलं ते नाव आज इथे उच्चारत नाही. ते आधीच पुरेसं पसरलं आहे.

हे सांगून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादा म्हणाले, "मास्तर, कथा लिहिलीत हा गुन्हा नाही. वर चिठ्ठी लावायची राहिली." छापखान्याच्या माणसाची भाषा. बाटली चांगली, औषध चांगलं, लेबल नाही!

त्याच दिवशी दादांनी आणखी एक गोष्ट विचारली. "तुमच्या मासिकात आमचं काय?" कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या साऱ्या कथा किल्ल्यांच्या, स्वाऱ्यांच्या. पण १९४७-४८ साली कराचीहून बोटीनं आलेली, बराकीत मधे गोणपाट बांधून दोन-दोन कुटुंबांनी राहिलेली माणसं, हाही आता इतिहासच की! त्या पिढीतले फार थोडे उरले. दादांच्या वडिलांनी सक्करच्या घराची किल्ली मरेपर्यंत उशाखाली ठेवली होती. "यावर कागद नाही," दादा म्हणाले. "किल्ली आहे. तुमच्या मॅडमना चालेल?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "दादा, कागदापेक्षा चांगली." पहिल्या अंकातली चौथी गोष्ट त्या किल्लीची असणार, हे तेव्हाच ठरलं.

नावाचं मात्र अजून बाकी होतं. मित्रानं 'बखर' सुचवलं. नाव भारदस्त आणि व्युत्पत्तीही गमतीची. 'खबर' या शब्दाची अक्षरं उलटसुलट होऊन 'बखर' झाला, असं सांगतात. खबर म्हटल्याबरोबर दादांचा चेहरा खुलला, कारण त्यांच्या सिंधीतही खबर म्हणजे खबरच. क्षणभर वाटलं, ठरलं! पण बाईंनी विचारलं, "बखरकारानं आपण कल्पना करतोय असं कधी म्हटलंय का? तो तर खबर म्हणूनच सांगतो." राजवाड्यांनी बखरींवर ओढलेले कोरडे आठवले आणि 'बखर' मागे पडलं.

तेव्हा मला 'करमणूक' नावाचं मर्म कळलं. हरिभाऊंनी वाचकाला कमी कबूल केलं आणि जास्त दिलं. आम्ही 'इतिहास' हा शब्द वर लिहिला असता, तर जास्त कबूल करून कमी दिलं असतं. मासिकाचं नाव म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. तो पाळता येईल एवढाच द्यावा.

पूर्वी मासिक काढायचं तर प्रेस आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याखाली घोषणापत्र करावं लागे. तो कायदाही १८६७ चा, 'विविधज्ञानविस्तारा'च्याच वयाचा! १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला आणि अर्ज संगणकावरून भरायचा झाला. दुसऱ्या कुणाचं नाव आपल्या नावासारखं असेल तर आपलं नामंजूर होतं, म्हणून पसंतीक्रमानं पर्याय द्यायचे असतात. गेल्या रविवारी आम्ही पाच नावं भरली. यांतलं कोणतं मिळेल ते आमच्या हाती नाही, म्हणून आत्ताच जाहीर करत नाही. पण पाचांपैकी एकातही 'इतिहास' नाही आणि प्रत्येकात 'कथा' किंवा 'गोष्ट' हा शब्द आहे.

आणखी एक नियम केला. प्रत्येक कथेखाली अर्धं पान राखायचं. त्यात लेखकानं स्वतः लिहायचं की, कागदात एवढं सापडलं, ऐकीव एवढं आणि मनचं एवढं. त्या अर्ध्या पानाचे पैसे दादा घेणार नाहीत.

पहिल्या अंकात अंबरनाथची माझी जुनी कथा पुन्हा छापणार आहोत. या वेळी शिल्पकाराला नाव नाही. खालच्या अर्ध्या पानावर त्या मुलीचा प्रश्न आहे. ती आता शिकून नोकरीला लागली आहे. तिचा पत्ता शोधून पहिला अंक तिला पाठवायचा आहे, वर्गणी न घेता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)